हाताची घडी, तोंडावर बोट

आमच्या जुन्या वाड्याच्या जागी आता चार मजल्यांची इमारत उभी आहे. पण दिवाळीचा किल्ला होतो तो पूर्वीच्याच कोपऱ्यात, जिन्याशेजारी. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी मुले विटा, फुटके माठ आणि तांदळाची रिकामी पोती गोळा करतात, कुठल्याशा बांधकामावरून माती मागून आणतात, आणि मग दोन दिवस जे काही चालते त्याला इंजिनियरिंग म्हणायला माझी मुळीच हरकत नाही. यंदा किल्ल्यावर कारंजे होते. मेडिकलच्या दुकानातून आणलेली सलाईनची नळी, तिच्या तोंडाशी बॉलपेनची रिकामी निब, आणि दुसरे टोक पहिल्या मजल्याच्या गजाला टांगलेल्या तेलाच्या डब्यात. कारंजे काही केल्या उडेना. नुसते ओघळत होते. तेव्हा नऊएक वर्षांच्या एका वीराने, कोणाला काही न विचारता, डबा सोडला आणि दुसऱ्या मजल्यावर नेऊन बांधला. पाणी टिचकीसरशी वीतभर वर उडाले!

हा सगळा सोहळा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक बारावीतला मुलगा पाहत होता. चार वर्षांपूर्वी याच किल्ल्याचा तो सरदार होता. मी खालूनच विचारले, "काय रे, डबा वर नेल्यावर कारंजं का उडालं?"

तो म्हणाला, "सर, तो चॅप्टर झालाय आमचा."

इतक्यात आतून हाक आली आणि तो गेला. धनत्रयोदशीला त्याची टेस्ट होती.

'चॅप्टर झाला' हे दोन शब्द त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. पहिलीच्या वर्गात बाई मुलांना एक आज्ञा शिकवतात: हाताची घडी, तोंडावर बोट. सहा वर्षांच्या चाळीस वानरांपुढे त्या बाई दुसरे काय करणार? मी त्यांना दोष देत नाही. पण मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले, त्याच्या हातांत खरी ताकद आली, सायकल, मोटार, पंप, वीज, शेत, दवाखाना यांतले काहीही समजून घेण्याचे वय झाले, की नेमकी त्याच वेळी आपण ती आज्ञा पुन्हा सोडतो, आणि ह्या वेळी ती दोन वर्षे मोडू देत नाही. माझे भांडण आहे ते या दोन वर्षांशी.

मी एकतीस वर्षे अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवले. तेव्हा या लेखात ज्यांच्यावर आरोप होणार आहेत त्यांत पहिला आरोपी मी स्वतःच आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोर्टात माफीचा साक्षीदार असतो ना, तसा मला समजावे.

बारावीला पदार्थविज्ञानाचे शंभर गुण. त्यांतले तीस प्रात्यक्षिकाचे. हे तीस गुण कसे मिळतात हे ज्यांच्या घरी बारावी होऊन गेली आहे त्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरी व्हायची आहे त्यांनी ऐकून ठेवावे. मीटर ब्रिज म्हणून एक साधा, देखणा प्रयोग आहे. लाकडी फळीवर एक मीटर लांबीची तार ताणलेली असते. तिच्यावर जॉकी टेकवत टेकवत जायचे, आणि गॅल्व्हनोमीटरचा काटा जिथे शून्यावर येतो ती जागा शोधायची. त्यावरून एका अनोळखी तारेचा विद्युतरोध काढता येतो. काटा डावीकडे झुकतो, उजवीकडे झुकतो, मध्येच थरथरतो. ज्याने तो स्वतःच्या बोटांनी शून्यावर आणला आहे त्याला ती गंमत जन्मभर विसरत नाही. पण आमच्या प्रयोगशाळेत चार ब्रिज, आणि मुले एका तुकडीत वीस. त्यातून निम्मी मुले क्लासला गेलेली. मग जर्नल पुरे व्हायचे कसे? मागच्या वर्षीचे जर्नल समोर ठेवून. अपेक्षित उत्तर आधी लिहायचे, आणि मग त्या उत्तरापासून मागे चालत जाऊन निरीक्षणे जुळवायची. मुले याला 'रीडिंग पाडणे' म्हणत. विज्ञानाच्या तीनशे-चारशे वर्षांच्या इतिहासात जे पाप सर्वांत मोठे मानले गेले, ते आम्ही आमच्या लेकरांना पद्धतशीर शिकवत होतो, आणि खाली माझी लाल शाईची सही होती. बाहेरून परीक्षक येत. चहा होई, पोहे होत, दोन प्रश्न विचारले जात, आणि अठ्ठावीस, एकोणतीस, तीस अशी गुणांची खैरात होई. पंचवीस दिले तर पालक विचारायला येत, की आमच्या मुलाचे नुकसान का केले. अशा किती सह्या मी केल्या याचा हिशोब मी ठेवला नाही. ठेवला असता तर झोप लागली नसती.

पुढे तर हा चोरटेपणाही उरला नाही. 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव घेऊन क्लासवाले आणि कॉलेजवाले यांचे लग्न लागले. मुलाचे नाव कॉलेजात आणि मूल क्लासमध्ये, असा उघड व्यवहार सुरू झाला. तेव्हा २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय काढला. म्हणजे मुलाचा अंगठा मागितला. त्या अंगठ्याच्या शेजारी आणखी चार बोटे असतात आणि त्या पाचांना मिळून काही काम लागते, हे मात्र निर्णयात कोठे नव्हते.

आता मला जिथे शहाणपण आले त्या जागेविषयी सांगतो. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, पाबळ नावाचे गाव आहे. पाऊस बेताचा, माळ फार. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी येथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेला, हिंदुस्तान लीव्हरमध्ये संशोधन केलेला हा गृहस्थ मोठी नोकरी सोडून त्या माळावर राहायला गेला, आणि शाळेतून गळालेली मुले घेऊन बसला. लोखंडकाम, बांधकाम, वीज, शेती, जनावरे, आहार हा त्यांचा अभ्यासक्रम; आणि शिकण्याची रीत अशी, की गावात ज्या कामाची खरोखर गरज आहे ते काम करायचे आणि करता करता त्यामागचे शास्त्र समजून घ्यायचे. २००३ साली डॉ. कलबाग गेले; आश्रम चालू आहे.

मी १९९९ साली तेथे गेलो तो खरे म्हणजे थोड्या तुच्छतेनेच. दहावी नापास झालेल्या पोरांना पान्हा धरायला शिकवतात, एवढीच माझी कल्पना. माळावर दोन मुले जमिनीत लोखंडी सळया ठोकत होती. चार सळया, एका रेषेत, सारख्या अंतरावर. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधला दाब मोजायचा. त्यावरून खालच्या जमिनीचा रोध निघतो. सळयांमधले अंतर वाढवत नेले की मोजमाप अधिकाधिक खोलीचे होते. कोरडा काळा कातळ वीज सहजासहजी जाऊ देत नाही. पाणी मुरलेला, भेगाळलेला खडक जाऊ देतो. म्हणून रोध जिथे उतरतो तिथे पाणी असण्याचा संभव. मी थक्क होऊन उभा राहिलो. अहो, हा तर माझाच धडा! जो विद्युतरोध माझी नव्वद टक्क्यांची मुले मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून घेत होती, तोच ही नापास मुले जमिनीच्या पोटातून काढत होती. त्यांतल्या एकाला मी विचारले, की कमी रोध म्हणजे पाणीच कशावरून? तो म्हणाला, "पाणीच असंल असं नाही सर. चिकणमाती असली तरी आकडा असाच पडतो." हे उत्तर माझ्या बारावीच्या वर्गात मला कधी मिळाले नव्हते, कारण 'कशावरून' हा प्रश्नच तेथे कोणाच्या अंगावर आलेला नव्हता.

परत येऊन मी स्वस्थ बसलो असतो तर आज हा लेख लिहायचा अधिकार मला नसता. स्वस्थ बसलो नाही, एवढे खरे. पण त्याला चार वर्षे लागली. सन २००३-०४ हे आमच्या भागात दुष्काळाचे वर्ष. त्या वर्षी अकरावीतली चौदा मुले-मुली घेऊन मी गावच्या शिवारातल्या अठरा विहिरी वाटून घेतल्या. दर पंधरा दिवसांनी रविवारी सायकलीवर जायचे, टेपला वजन बांधून पाण्याची पातळी मोजायची, वहीत लिहायची आणि आलेख काढायचा. एवढेच काम. पण एप्रिलात चमत्कार झाला. सगळ्या विहिरी तळाला चाललेल्या, आणि एका विहिरीचे पाणी अडीच फुटांनी चढलेले! मुलांनी माझ्यापुढे आलेख ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कोलंबसाचा भाव होता. आम्ही सारे विहिरीवर गेलो. विहिरीच्या मालकाने आलेख उलटसुलट पाहिला आणि इतका हसला, की त्याला खाली बसावे लागले. तोवरची सगळी मापे विहिरीच्या कठड्यावरून घेतलेली होती, आणि त्या दिवशी दुसराच मुलगा गेला होता, त्याने जमिनीपासून घेतले होते. कठडा अडीच फूट उंच! शून्य कोठे धरायचे हे मोजण्याआधी ठरवावे लागते, हे वाक्य मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो होतो. त्या दिवशी ते मला सांगावे लागले नाही.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. त्याच मालकाला बोअर घ्यायची होती, कर्ज काढून. त्याने मुलांना सांगितले, "तुमच्या त्या सळया आना की. कुठं घेऊ ते सांगा." मुलांना कोण आनंद झाला! प्रयोगशाळेतल्याच सामानावर आम्ही मोजणी केली. लोखंड ओल्या मातीत रोवले की तेच थोडेसे बॅटरीसारखे वागू लागते, म्हणून प्रवाह एकदा सुलटा आणि एकदा उलटा सोडून सरासरी घ्यावी लागते. ते कळेपर्यंत एक अख्खा दिवस गेला. मग एका जागी रोध चांगला उतरलेला दिसला. दोघे मुलगे म्हणाले, सर, इथेच सांगू या. एक मुलगी मात्र गप्प होती. वर्गात ती क्वचितच बोले. ती म्हणाली, "सर, आणखी एका रेषेत मोजू या. चुकलं तर पैसे त्यांचे जातील."

वाचकहो, या एका वाक्यासाठी मी ही सारी कथा सांगितली. वर्गात चूक केली तर गुण जातात, आणि ते आपलेच जातात. जगात चूक केली तर ती दुसऱ्याला भोगावी लागते. हे ज्याला सोळाव्या वर्षी कळले त्याच्या हाती पुढे पूल द्या, औषध द्या, न्याय द्या, काही द्या. आणि ज्याला ते पंचविसाव्या वर्षापर्यंत कळलेच नाही, त्याला आपण काय काय देऊन बसलो आहोत याचा विचार ज्याने त्याने आपल्या गावच्या रस्त्याकडे पाहून करावा.

दुसऱ्या रेषेत आकडा वेगळा आला. मुलांनी मालकाला जाऊन सांगितले, की आम्हाला खात्री नाही. तो थोडा हिरमुसला, आणि त्याने पाणाड्याला बोलावले. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून पाच मिनिटांत जागा दाखवली. तिथे बोअर झाली आणि पाणीही लागले. हे मी लपवणार नाही. मुलगे खट्टू झाले. ती मुलगी म्हणाली, "एकदा लागलं म्हणून काय झालं? त्यांच्या सगळ्या बोअरची यादी करायला पाहिजे, न लागलेल्यांचीसुद्धा." ती यादी व्हायची राहून गेली, कारण जून उजाडला आणि बारावीचे वर्ष सुरू झाले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पालकांचे शिष्टमंडळ प्राचार्यांकडे आले. सारे सभ्य लोक. त्यांत एक डॉक्टर, एक वकील, दोन शिक्षक. त्यांचे म्हणणे एवढेच, की सरांचा उपक्रम स्तुत्य आहे, पण सीईटीच्या वर्षी रविवार वाया जाऊ नयेत. शिवाय मुलींनी विहिरींवर हिंडणे बरे दिसत नाही. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तोंडावर बोट ठेवले. सळया कपाटात गेल्या.

डॉक्टर-वकिलांना उत्तर देणे फारसे अवघड नाही. स्पर्धा आहे, हे कबूल. २०२४ साली नीटला सुमारे चोवीस लाख मुलांनी नावे नोंदवली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीसांहून अधिक लाख मुलांना ती जागा मिळणारच नव्हती, कितीही रविवार वाचवले तरी. त्यांच्या दोन वर्षांचे काय? ती कोणत्या खात्यावर मांडायची? शंभरातल्या चार-पाचांसाठी शंभरांचे हात बांधायचे, याला घोड्यांच्या शर्यतीत काही नाव असेल. शिक्षण हे त्याचे नाव नव्हे. आणि ज्यांना जागा मिळते, त्यांचे तरी बांधलेले हातच उद्या आपल्या नाडीवर येणार आहेत ना?

पण त्या शिष्टमंडळात दाराशी उभा असलेला आणखी एक पालक होता. तो बाजार समितीत हमाली करी. सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "सर, हातानंच काम करायचं व्हतं तर कालेजात कशाला घातला असता त्याला?" याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आजही मी ते जपून देतो. ज्याच्या बापजाद्यांवर श्रम लादलेले होते, त्याला श्रमाचा महिमा सांगायला जाणे हा निर्लज्जपणा आहे. आणि वाडवडिलांनी कधी खुरपे न धरलेल्या माझ्यासारख्याने तर तो करूच नये. त्याचा संशय अगदी रास्त होता. आमच्याकडे बारावीला किमान कौशल्याचा, लोक ज्याला एमसीव्हीसी म्हणत, असा अभ्यासक्रम आला. तो वाईट नव्हता. मुले त्यात प्रत्यक्ष कामावर जात. पण तिथे कोणाला पाठवले गेले? टक्के कमी पडलेल्यांना, म्हणजे बहुतेक गरिबांच्या मुलांना. 'एमसीव्हीसीवाला' ही आमच्या स्टाफरूममध्ये शिवी होती, आणि ती मी ऐकून घेतली आहे. हात गरिबाच्या पोरांना आणि डोके आमच्या पोरांना, अशी ही जुनीच वाटणी. तिच्यावर उपाय एकच: डॉक्टरचा मुलगा आणि हमालाचा मुलगा यांनी एकाच टेपची दोन टोके धरावीत. हमालाच्या मुलाला हातांपासून सोडवायचे नाही; हातांना जी हीन किंमत आपण लावली आहे तिच्यापासून सोडवायचे आहे. तिथे शिकवणी डॉक्टरच्या मुलालाच जास्त लागेल.

यात मी नवे काही सांगत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञान द्या म्हणून सांगितले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, कार्यानुभव हा सर्व शिक्षणाचा भाग असावा असे लिहिले. त्या कार्यानुभवाचे आम्ही काय केले? कागदाची फुले आणि पाकिटे! २०२० च्या राष्ट्रीय धोरणात दप्तराविना दहा दिवस आले. तेही सहावी ते आठवीसाठी. जणू त्यानंतर मुलाला हातच राहत नाहीत.

कोणी म्हणेल, सहली निघतात, प्रकल्प असतात. निघतात, असतात. खोडदला रेडिओ-दुर्बिणीच्या पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत. विज्ञानदिनाला तेथे मुलांची जत्रा लोटते आणि ती लोटावी. पण तबकडीपुढे फोटो काढून परत येणे हे पाहणे झाले, करणे नव्हे. आणि पर्यावरणाच्या प्रकल्पाविषयी काय बोलावे! आमच्या चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात 'पाणी', 'कचरा', 'वृक्ष' असे तयार प्रकल्प मिळतात, मुखपृष्ठासकट. दुकानदार नुसते विचारतो, "मराठीत देऊ का इंग्रजीत?"

माझी मागणी मोठी नाही. अकरावीच्या वर्षात वीस दिवस मुलाने कोणाच्या तरी खऱ्या कामाला लागावे: विहिरीवर, दवाखान्यात, गॅरेजात, ग्रामपंचायतीच्या दप्तरात, कोठेही. त्याचे गुण मास्तराने देऊ नयेत. ज्याचे काम केले त्याने सही करावी, वाटल्यास अंगठा उठवावा. आणि ते तीस गुण एक तर खरे तपासा, नाही तर काढून टाका. खोटे रीडिंग पाडायला शिकवण्यापेक्षा काहीच न शिकवणे बरे. यासाठी शासनाच्या निर्णयाची वाट पाहायला हवी असे नाही. फराळाचे ताट समोर ठेवून तुम्ही हे वाचत असाल, तर शेजारच्या खोलीचे दार बंद आहे का, ते पाहा.

निवृत्त होताना मी कपाटातल्या त्या सळया मागितल्या. शिपाई म्हणाला, गॅदरिंगच्या मांडवाला लावल्या होत्या, कुठे गेल्या कोण जाणे. गेल्या महिन्यात लोहाराकडून मी चार नव्या करून घेतल्या आहेत. पाडव्याच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्या मुलाच्या आईला मी हे सारे ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चकलीची बशी पुढे केली आणि म्हणाल्या, "सर, तुमचं पटतं हो. पण नीट मे महिन्यात आहे. त्यानंतर पाठवते त्याला तुमच्याकडे."

तो दाराआडून ऐकत होता. मी निघालो तेव्हा जिन्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "सर, चिकणमाती आणि पाणी यांतला फरक मग कळतो कसा?"

मी म्हटले, "मेमध्ये ये."